नाव घातलेला डबा

११ नोव्हेंबर २०२४

दिवसभर पोलीस ठाण्यात रोजनामचा लिहायचा आणि घरी येऊन पुन्हा वही उघडायची, हा खुळेपणाच. पण रोजनामच्यात जे लिहिता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं. इथे मराठीत लिहीन. लिपी झाशीत सगळ्यांना वाचता येते, अर्थ मात्र आईशिवाय कुणाला लागायचा नाही, आणि आईला मोतीबिंदू आहे.

श्यामसुंदर दीवानजी या महिन्याअखेर निवृत्त होतायत. हेड कॉन्स्टेबलला इथे सगळे दीवानजी म्हणतात. मी त्यांच्याहून वरच्या हुद्द्यावर, दरोगा म्हणजे फौजदार, पण वर्दीतलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. आज त्यांनी त्यांचा मुखबिर माझ्या हवाली केला. मुखबिर म्हणजे खबरी. नऊ वर्षं हा माणूस त्यांना खबर देतोय आणि त्याचं नाव दीवानजी आणि सीओ साहेब, म्हणजे आमचे उपअधीक्षक, सोडून कुणाला माहीत नाही. आता मला माहीत झालं.

"बिटिया, नाम कहीं मत लिखना. कापी-डायरी में भी नहीं," दीवानजी म्हणाले. चहा संपवून दारापर्यंत गेले आणि परत वळले. "और कभी दया आ जाए तो भी उसे ऐसी चीज़ मत देना, जिसे देख के पड़ोसी पूछे कि कहाँ से आई."

मी मान डोलावली. प्रशिक्षणात पहिली आलेली मुलगी मी, नियम मला कधी जड गेले नाहीत.

१२ नोव्हेंबर

भेटायची जागा दीवानजींनीच ठरवून ठेवलेली. मंगळवारी सकाळी दवाखान्यात डोळ्यांची ओपीडी. मुखबिर समथरला एका कारखान्यात खराद मशीन, म्हणजे लेथ, चालवतो, लोखंडाचा कीस डोळ्यांत जाणं रोजचंच, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा झाशीला डोळे दाखवायला येतो याचं कुणालाच नवल नाही. मी आईला घेऊन गेले. मोतीबिंदूची तपासणी राहिलीच होती आणि म्हाताऱ्या आईबरोबर बसलेल्या साडीतल्या बाईकडे कोण बघतं?

त्याच्या चिठ्ठीवर सत्तावीस नंबर होता. इथे त्याला सत्तावीसच म्हणेन. पन्नाशीचा, बारीक, बोटं काळी. आईला तपासणीला आत नेलं तेवढ्यात बोलणं उरकलं. कारखान्याचा मालक पंपांच्या सुट्या भागांच्या आड तमंच्यांच्या, म्हणजे गावठी पिस्तुलांच्या, नळ्या बनवून घेतो. कोण न्यायला येतं, कधी येतं, ते सत्तावीस सांगतो.

मी विचारलं, तुम्ही हे का करता? सरकारी बक्षीस त्याने कधीच घेतलेलं नाही, हे दीवानजींनी सांगितलं होतं. तो समोरच्या भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत म्हणाला, "एक बरात में गोली चली हती. हमाओ लड़का नाच रओ हतो. बा नली हमईं ने घिसी हती, बिन्नू."

बिन्नू म्हणजे ताई. मुलाला लागलेल्या गोळीची नळी याच्याच हातची होती. मी आईच्या चिठ्ठीची घडी करत बसले.

३ डिसेंबर

आईला कुठे नेण्यात अर्थ नाही! मी औषधाच्या खिडकीपाशी होते तेवढ्या वेळात तिने सत्तावीसचं सगळं घर विचारून घेतलं. त्याच्या मुलीला, सलोनीला, मुलगा झाला, बाळंतपणाला माहेरी आलीये, फार अशक्त आहे, दूध येत नाही. आईचं हिंदी चाळीस वर्षं झाशीत राहूनही मराठीच. "भैया, हम डिंक का लाडू करके देते, उससे भर के आता," असं ती त्याला ऐकवत होती आणि तो हसून हात जोडत होता.

घरी येऊन मी नाही म्हटलं. दुपारी पुन्हा नाही म्हटलं. आईला तो कोण हे माहीत नाही, आणि मी सांगूही शकत नाही. "बाळंतिणीला लाडू द्यायला तुझ्या पोलिसखात्याची परवानगी लागते का गं?" असं म्हणून तिने खारका फोडायला घेतल्या. अक्षत, आमच्या ठाण्याचा शिपाई, फाइल द्यायला घरी आला होता. त्याने विचारलं, "मैडम, अस्पताल में किसकी तबियत खराब है? आपको वहाँ देखा था." मी आईचे डोळे म्हणाले. पण त्याचं विचारणं मला आवडलं नाही.

१० डिसेंबर

दिला डबा. दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईने दुसऱ्याच्या लेकीसाठी लाडू केले, यात पोलीस कुठे आले? शिवाय मी काळजी घेतली. आईची पिशवी काढून टाकली आणि सदर बाजारातल्या एका मिठाईवाल्याच्या साध्या पिशवीत डबा घातला, म्हणजे बसमध्ये कुणी पाहिलं तरी विकतचं वाटेल. दीवानजी असते तर त्यांनीही शाबासकी दिली असती.

मी निघताना आई दहा वेळा म्हणाली, "डबा परत आणायचा हं, मृदुला. माझ्या लग्नातला आहे, नाव घातलेला." आईच्या डब्यांची हजेरी आमच्या कैद्यांच्या हजेरीपेक्षा कडक असते.

२४ डिसेंबर

सत्तावीस खुशीत होता. लाडू लागू पडले. सलोनीच्या मुलाचं दष्टौन झालं, बारशासारखा सोहळा असतो तो, सगळी आळी जेवायला होती. खोबरं घातलेले लाडू समथरमध्ये कुणी खाल्ले नव्हते, म्हणून उरलेले चार बायकोने पाहुण्यांना फोडून वाटले. मालकही आला होता. त्यानेही खाल्ला, वाहवा केली आणि डबा हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत होता. "लोहे कौ आदमी ठैरो, टाँका देखत हुइए," सत्तावीस म्हणाला, म्हणजे डब्याचा जोड बघत असेल. कुठून आला, असंही मालकाने विचारलं. सत्तावीस म्हणाला, दवाखान्यात एक माताजी भेटल्या.

किती हुशार उत्तर! खरंही आणि निरुपद्रवीही. मी त्याला तसं म्हणालेदेखील.

डबा मात्र आणला नव्हता. बायको रिकामा द्यायला तयार नाही, नवा गूळ आला की भरून देणार म्हणे. मी म्हटलं राहू द्या. तो म्हणाला, "घर में ऊपर धरो है, सबखों दिखात है."

कामाचं: लग्नसराईसाठी मोठा माल तयार होतोय. तारीख अजून कळलेली नाही. सीओ साहेब खूष.

७ जानेवारी २०२५

आला नाही. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. ती पट्टी लावून बसली आणि विचारत राहिली, भैया का नाही आले?

१४ जानेवारी

आज संक्रांत, इथे बुडकी म्हणतात. लोक सकाळपासून नदीवर बुड्या मारून येत होते, ओपीडी निम्मी रिकामी. तो आला, पण बसला दोन बाकं सोडून. बऱ्याच वेळाने जवळ आला.

मालकाने त्याला खरादवरून काढून पंपांच्या जुळणीवर बसवलंय. डोळ्यांचा डॉक्टर कोण, नाव काय, कुठल्या वारी बसतो, असं सारखं विचारतो. "बिन्नू, अब हमें छोड़ दो," तो म्हणाला. "नाती हो गओ. अब डर लगत है."

मी त्याला सोडायला हवं होतं का? साहेबांना तारीख हवी आहे. मीही म्हणाले, एकदाच, ही एक तारीख, मग तुम्ही कधीच या बाकावर येऊ नका. लग्नसराईत आणखी किती पोरं नाचत असतील, असंही म्हणाले. त्याच्या वर्मावर बोट ठेवलं आणि ते ठेवताना मला ठाऊक होतं की मी काय करतेय. त्याने मान डोलावून हो म्हटलं.

घरी येताना एकच विचार. मालकाला डोळ्यांच्या डॉक्टरचा संशय आला कुठून? मला दवाखान्यात पाहिलेला एकच माणूस आहे. अक्षत. त्याचं घर समथरच्या वाटेवरच्या गावात आहे.

२० जानेवारी

सीओ साहेबांना तोंडी सांगितलं. पुरावा नाही, पण मुखबिराच्या बाबतीत पुराव्याची वाट बघत नाहीत. अक्षतची बदली लांब गरौठ्याला. जाताना तो सॅल्यूट करून म्हणाला, "मैडम, हमसे कोई गलती हुई?" मी म्हणाले, रूटीन आहे. बायको इथल्या शाळेत शिकवते त्याची. वाईट वाटलं, पण सत्तावीसचा जीव आधी. आता गळती बंद झाली असावी, निदान झोप लागेल.

२८ जानेवारी

तारीख मिळाली. पाच फेब्रुवारी, दुपारी, पंपांच्या खोक्यांतून.

मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले की छाप्याच्या आधी त्याला महिनाभर दतियाला, सलोनीच्या सासरी पाठवू. साहेब म्हणाले, छाप्याच्या आधी नेमका हाच माणूस गावातून गेला तर बोट त्याच्याकडेच जाईल. ते बरोबर आहे. पुस्तकातही असंच आहे. मी हो म्हणाले.

५ फेब्रुवारी

एकतीस तमंचे, नळ्या वेगळ्या. तिघे पकडले, मालक मागच्या दाराने निसटला. कागदावर नेहमीचं वाक्य, 'जरिये मुखबिर खास सूचना मिली'. मुखबिर खास. नाव नाही, गाव नाही. न्यायालयसुद्धा पोलिसाला विचारू शकत नाही की खबर कुणी दिली. ते वाक्य लिहिताना मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

१० फेब्रुवारी

काल दुपारी मोठ गावाच्या रस्त्यावर सत्तावीसच्या सायकलला मागून गाडीने उडवलं. जागच्या जागी गेला. गाडीचा पत्ता नाही. त्या ठाण्याने अपघात म्हणून नोंद केली.

मला कळलं ते चहा पिताना, दुसऱ्याच्या फोनवरून. मी चहा पूर्ण प्यायले. उठून गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्ही ओळखत होता का?

१२ फेब्रुवारी

आई विचारते, काल मंगळवार होता, गेली नाहीस? भैया भेटले का? मी नाही म्हटलं. मला रडूही येत नाही, तिच्यासमोर तर नाहीच. अक्षतला इथून हलवून पंधरा-वीस दिवस झाले होते, मग खबर फुटली कशी? अपघातच असेल का? असावा असं मला किती वाटतंय, ते लिहून ठेवते.

१७ फेब्रुवारी

तपास अधिकाऱ्याची फाइल पाहिली. नळ्या ज्या खरादवर घासल्या ती सत्तावीसची, म्हणून आरोपींत पाचवं नाव त्याचं आहे, पुढे कंसात 'मृतक'. नऊ वर्षं ज्याचं नाव कुठल्याच कागदावर येऊ दिलं नाही, त्याचं नाव आलं ते हे असं. मी साहेबांना म्हणाले, सर, हा तर आपला माणूस. ते म्हणाले, "अब खोलोगी तो उसके घरवाले मारे जाएँगे. मरे हुए को क्या फर्क पड़ता है?"

मी जागेवर येऊन बसले.

२२ फेब्रुवारी

हे नीट लिहायचं आहे.

अकराच्या सुमाराला ठाण्याच्या फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पहारेकऱ्याला ती सांगत होती की एका मॅडमना भेटायचंय, नाव माहीत नाही, नाव यावर आहे. फडकं सोडून तिने डबा वर केला. आईचा डबा.

मी तिला मागच्या खोलीत आणलं. ती रामकली, त्याची बायको. तिला वाचता येत नाही. तिने डब्यावरच्या अक्षरांवर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या छातीवरच्या नावपट्टीवर. एकेक अक्षर जुळवत गेली. सौ. कमळा बिवलकर, झाशी. मृदुला बिवलकर. आडनावाची पाचही अक्षरं जुळली तेव्हा तिने हात खाली घेतला.

"जोई आय," हेच ते, असं ती म्हणाली. "तेरईं हो गई, सो सोची डब्बा दे आएँ. गाँव के मास्टर ने बाँच कें बताओ कै जा नाव की एक दरोगा हैं झाँसी में."

झाशीत आमच्याशिवाय या आडनावाचं घर नाही. इथे कुणाला ते धड उच्चारताही येत नाही, वर्तमानपत्रात दर वेळी चुकीचं छापतात आणि मी दर वेळी हसते. पण एकदा वाचलं की ते विसरत नाहीत.

मी विचारलं, हे नाव आणखी कुणी वाचलं होतं का?

"मालिक ने. दष्टौन के दिना. ऐसई उँगरिया फेर-फेर कें." तिने बोट फिरवून दाखवलं.

मी खुर्चीत बसले. पिशवी बदलली होती मी. मिठाईवाल्याची साधी पिशवी! आई दहा वेळा म्हणाली होती, नाव घातलेला आहे, आणि मी तिची थट्टा करत होते. चोवीस डिसेंबरलाच सत्तावीसने मला सगळं सांगितलं होतं, मी ते इथे लिहूनही ठेवलंय, त्याच्या उत्तराचं कौतुक करत. मग मी एका निरपराध शिपायाला गरौठ्याला धाडलं. आणि सत्तावीसने मला सोडा म्हटलं तेव्हा मी त्याला त्याच्या मेलेल्या मुलाची आठवण करून दिली.

रामकली माझ्याकडे बघत होती. "तौ बे तुमाए लाने काम करत हते?"

मुखबिर होता हे त्याच्या बायकोलाही सांगायचं नसतं. मी हो म्हणाले.

ती रडली नाही. पदराने डबा पुसला, जो आधीच लखलखीत होता. मग म्हणाली की सलोनीला सासरचे न्यायला येत नाहीत, हत्यारं बनवणाऱ्याची मुलगी म्हणतात. आळीतलं कुणी तेराव्याला जेवायला आलं नाही. मी म्हटलं, मी खरं लिहिलं तर मालकाची माणसं तुमच्यावर उठतील. तुम्हाला गाव सोडावं लागेल.

"गाँव तौ छूटई गओ," ती म्हणाली. "हमें कछू नईं चाने, बिन्नू. बस इत्तो लिख दो कै बे चोर नईं हते."

२३ फेब्रुवारी

दीवानजींच्या घरी गेले. डब्याचं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "लड्डू अच्छे लगे थे उसे?" मी म्हटलं, लेकीला लागू पडले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पंच्याने पुसत बसले. मग म्हणाले, तू लिही, नऊ वर्षं तो आपला माणूस होता यावर सही मी करतो.

२४ फेब्रुवारी

चार पानी जबाब सीओ साहेबांना दिला. तो आमचा मुखबिर होता, आरोपी नव्हता. मालकाला संशय आला तो माझ्या घरच्या डब्यावरून, आणि त्याला मारायचं कारण तेच, तेव्हा अपघाताचा पुन्हा तपास व्हावा. अक्षतवरचा माझा आरोप चुकीचा होता. रामकली आणि सलोनीला झाशीच्या बाहेर हलवावं, पत्ता कागदावर न आणता.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बिवलकर, डिब्बे वाली बात निकाल दो. बाकी मैं देख लूँगा. नौकरी जाएगी तुम्हारी."

"सर, वो निकाल दी तो एक्सीडेंट ही रह जाएगा."

त्यांनी कागद लिफाफ्यात घातला, लाख लावली आणि मला आजपासून घरी बसायला सांगितलं. रामकलीला संध्याकाळच्या आत हलवतो, एवढं मात्र स्वतःहून म्हणाले. मी वर्दीवरची नावपट्टी काढून पर्समध्ये टाकली. अक्षतला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि "जी मैडम" म्हणून ठेवून दिला. त्याहून जास्त त्याने का बोलावं?

डबा मला पुरावा म्हणून द्यायचा होता. साहेब म्हणाले, फोटो पुरे, मागितला तर आण. म्हणून तो घरी आणावा लागला.

आई अंगणात ऊन खात बसली होती. डबा पाहून उठलीच. "आला का गं! मी म्हटलं नव्हतं, भैया विसरायचे नाहीत." तिने तो उजेडात धरला आणि नव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय, एकेक अक्षर वाचलं. "सौ. कमळा बिवलकर, झाशी. बघ, किती स्वच्छ दिसतंय मला! तुझ्या आजोबांनी सदर बाजारात उभं राहून घालून घेतलं होतं हे नाव."

मी झाकण उघडलं तर आत नवा गूळ होता, वर तीळ पेरलेले, काठोकाठ.

"रिकामा नाही दिला," आई म्हणाली. "चांगल्या घरची बाई आहे." गुळाचा खडा तोंडात टाकून ती म्हणाली, "इतकं बोललो आम्ही, पण भैयांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काय गं नाव त्यांचं?"

"हरप्रसाद," मी म्हणाले. "हरप्रसाद विश्वकर्मा."

"पुढच्या मंगळवारी भेटले की सांग त्यांना, गूळ फार छान आहे."

मी सांगते म्हणाले.